दूधसागर, खालून वर

दूधसागर धबधब्याची उंची ३१० मीटर आहे, तो चार टप्प्यांनी उतरतो आणि त्याची सरासरी रुंदी ३० मीटर आहे, एवढी माहिती पर्यटनाच्या कोणत्याही पत्रकात मिळते. ती खरीही आहे. मात्र प्रत्यक्ष धबधब्यापाशी गेल्यावर या आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण ते चारही टप्पे सारख्याच स्पष्टपणे दाखवणारी जागा सहजासहजी सापडत नाही. पायथ्याच्या डोहापाशी मान वर केली की वरचे टप्पे एकमेकांत शिरून आखूड होतात. रेल्वेच्या पुलावरून जाताना मधला भाग अंगावर येतो, पण माथा आणि तळ यांचा अंदाज लागत नाही. आणि लांबच्या वळणावरून सगळा धबधबा एकदम दिसतो तेव्हा तो इतका दूर असतो की पाणी पडते आहे असे न वाटता ते डोंगराला टांगून ठेवल्यासारखे वाटते. कर्नाटकातल्या जोग धबधब्याची २५३ मीटरच्या कड्यावरून कोसळणारी राजा नावाची धार समोरच्या काठावरून एका दृष्टिक्षेपात मावते. दूधसागर तसा मावत नाही. तो निरनिराळ्या ठिकाणांहून पाहून मनात जुळवावा लागतो.

मी फोंड्यात राहते. (गोव्यातले फोंडा, कणकवलीजवळचे फोंडाघाट नव्हे. सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांना हे दरवेळी सांगावे लागते.) पावसाळ्यात आगगाडीच्या खिडकीतून दूधसागर पूर्वी पाहिला होता, परंतु रस्त्याने कुळ्यापर्यंत आणि तेथून जीपने पायथ्याशी जाण्याचा योग यंदाच्या ऑक्टोबरात आला, तोही कुडाळहून माझा मामेभाऊ आणि वहिनी आल्यामुळे. घराजवळचे ठिकाण पाहुणे आल्याशिवाय पाहिले जात नाही, हा सर्वांचाच अनुभव असावा. या खेपेस जाताना आम्ही एका नदीच्या काठाकाठाने, तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत गेलो, आणि दूधसागर पाहण्याची योग्य दिशा हीच आहे असे माझे ठाम मत झाले.

दूधसागर मांडवी नदीवर आहे, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक नाही, पण मोघम आहे. कर्नाटकाच्या हद्दीतल्या पठारावरून ओहळ एकत्र येतात, त्यांची दूधसागर नदी होते, ती कडा उतरून कुळ्याकडे येते, पुढे खांडेपार नदी या नावाने फोंडा तालुक्यातून वाहते आणि अखेरीस मांडवीला मिळते. आणि मांडवी म्हणजे म्हादई, जी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावते. फोंड्याहून मोलेच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर खांडेपारचा पूल लागतो. तेथे खालून संथपणे जाणारे मातकट-हिरवे पाणी पाहून ते सकाळीच कुठल्याशा कड्यावरून कोसळले असेल असे कोणाच्याही मनात येणार नाही.

या नदीचा आणि आमच्या घरांचा संबंध नळाचा आहे. ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्प खांडेपारचे पाणी उचलतो आणि ते फोंडा व तिसवाडी या तालुक्यांना, म्हणजे राजधानी पणजीलाही, पुरवले जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ रस्ता खचून ओपाच्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा भर पावसाळ्यात पणजीला आणि फोंड्याच्या बऱ्याच भागाला काही दिवस पाणी मिळाले नव्हते. बाहेर पन्हाळीवरून पाणी वाहते आहे आणि आत नळ कोरडा आहे, असे ते दिवस होते. आम्ही पागोळ्यांखाली बादल्या लावल्या होत्या. त्या आठवड्यात ओपा हे नाव ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही ते पाठ झाले. ओपाच्या वर मात्र कोणी फारसे गेले नाही. पाणी टँकरने येते, वाहिनीने येते किंवा प्रकल्पातून येते, इथपर्यंतच आपली चौकशी थांबते.

मोलेहून उजवीकडे वळून कुळ्याला पोहोचलो तेव्हा स्थानकाबाहेर जीपगाड्यांची रांग लागली होती. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण मुंबई-पुण्याकडची बरीच मंडळी तो घेऊनच येतात. दूधसागरवरून जाणारा लोहमार्ग कोकण रेल्वेचा नाही. कोकण रेल्वे समुद्राला समांतर, उत्तर-दक्षिण धावते. दूधसागरचा मार्ग मडगावहून पूर्वेकडे वळून घाट चढतो आणि दक्षिण पश्चिम रेल्वेच्या अखत्यारीत येतो. त्याचे वयही कोकण रेल्वेपेक्षा शतकभराने अधिक आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडण्यासाठी वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने तो बांधला आणि १८८८ मध्ये तो कॅसलरॉकपर्यंत जाऊन मिळाला. कॅसलरॉक हे त्या वेळचे इंग्रजांच्या बाजूचे सरहद्दीचे स्थानक, तर कुळे हे पोर्तुगीजांच्या जकातीचे ठाणे. आज कुळ्याच्या फलाटावर उभे राहिल्यावर सरहद्दीचे काहीच जाणवत नाही. चहा, भजी आणि जीपच्या पावत्या एवढेच जाणवते.

कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा पट्टा ब्रागांझा घाट म्हणून ओळखला जातो आणि त्यात चढ १:३७ इतका आहे, म्हणजे दर ३७ मीटरला मार्ग १ मीटर वर जातो. रस्त्याच्या मानाने हा चढ किरकोळ वाटेल, परंतु लोखंडी चाकांना तो फार आहे, म्हणून गाडीला ढकलण्यासाठी बँकर इंजिने जोडावी लागतात. मार्ग मुळात मीटर गेज होता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो रुंद झाला. अभियंत्यांपुढचा प्रश्न आणि नदीपुढचा प्रश्न एकच होता: पठारावरून किनारपट्टीवर उतरायचे कसे. अभियंत्यांनी बोगदे पाडत, वळसे घेत २६ किलोमीटर खर्ची घातले. नदीने त्या उतरणीचा मोठा भाग एका कड्यात उरकला. दोघांची गाठ धबधब्याच्या अंगावरच पडते, आणि तेथे पाण्याला पुलाच्या कमानींखालून वाट करून दिलेली आहे.

जीपचा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो. १९६९ मध्ये हे क्षेत्र संरक्षित झाले आणि १९७८ मध्ये त्यातील गाभ्याचा भाग मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. दोन्ही मिळून क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस किलोमीटर भरते. रस्ता म्हणण्यासारखा रस्ता येथे नाही. काही ठिकाणी जीप सरळ नदीच्या पात्रात उतरते, पाणी दारापर्यंत येते, मागच्या बाकावरची मंडळी पाय वर घेतात आणि चालक मात्र आरशात पाहून शांतपणे गिअर बदलतो. वहिनींनी पहिल्या पात्रात दादाचा दंड घट्ट धरला होता. पुढच्या पात्रात त्या स्वतःच चालकाला खोलीविषयी प्रश्न विचारू लागल्या. जंगल ऐन, किंदळ, जांभा अशा ओळखीच्या झाडांचे आहे, आणि ऐनाला, ज्याला गोव्यात माट्टी म्हणतात, येथे राज्यवृक्षाचा मान आहे. शेकरूचे घरटे चालकाने दाखवले, शेकरू काही दिसले नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी गोव्यात पाहण्याची दादाची इच्छा त्यामुळे अपुरी राहिली. धनेशाच्या पंखांचा आवाज मात्र दोनदा डोक्यावरून गेला. तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना पक्षी दिसण्याची गरज वाटत नाही.

जीप थांबते तेथून पुढची वाट पायी, दगडांवरून आहे. सक्तीची जीवरक्षक जॅकेटे सर्वांच्या अंगावर असल्यामुळे सगळी गर्दी एकाच रंगाची झाली होती. माकडे या वाटेवर फार धीट झाली आहेत. एका मुलाच्या हातची चिप्सची पिशवी त्यांनी इतक्या सराईतपणे काढून घेतली की त्याला रडायलाही थोडा वेळ लागला. याचा दोष माकडांना देता येत नाही. वाटेत शेवाळलेल्या खडकांपाशी आमचा चालक एवढेच म्हणाला, "सवकास वचात" (सावकाश जा), आणि स्वतः चपलांवर टुणटुण पुढे गेला.

धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो, असे नेहमी लिहितात. ऑक्टोबरात मला ते तितकेसे जाणवले नाही. आधी हवा बदलली. झाडांमधून येणारा वारा अचानक गार आणि ओलसर झाला, चष्म्यावर बारीक तुषार बसले, आणि मग झाडे बाजूला झाली. डोहापाशी उभे राहिल्यावर वर पाहताना पहिल्यांदा नजर जाते ती पांढऱ्या पाण्याकडे नव्हे तर पुलाकडे, कारण त्या सगळ्या उंचीत मापाला धरता येईल अशी तेवढी एकच माणसाने केलेली वस्तू असते. आम्ही असताना वरून एक मालगाडी गेली. डबे इतके लहान दिसत होते की त्यानंतरच मला ३१० मीटर म्हणजे काय ते उमगले.

पाणी ३१० मीटर सलग, हवेचा अडथळा न होता पडले असते, तर तळाशी त्याचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात तसे होत नाही. प्रत्येक टप्प्यावर ते आपटते, फुटते, त्याचा वेग मोडतो आणि पुन्हा नव्याने पडणे सुरू होते. शिवाय हवेच्या विरोधामुळे त्याचे थेंब आणि थेंबांचे तुषार होत जातात. त्याचा पांढरेपणाही याच मोडतोडीतून येतो. पाण्यात मिसळलेले हवेचे असंख्य बुडबुडे सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून डोहात हिरवट दिसणारे तेच पाणी कड्यावर पांढरेशुभ्र असते. इतक्या उंचीवरून पडण्याची सगळी ऊर्जा उष्णतेत उतरली, तरी पाण्याचे तापमान जेमतेम पाऊण अंशाने वाढेल. डोहात पाय घातल्यावर तेवढी ऊब कोणाला जाणवण्याची शक्यता नव्हती. पायाची बोटे बधिर झाली आणि छोटे मासे त्यांना येऊन चाटू लागले. राजकन्येने लज्जारक्षणासाठी साखर घातलेल्या दुधाचा पडदा ओतला, ही गोष्ट आमच्या शेजारच्या गटातला वाटाड्या रंगवून सांगत होता. गोष्ट चांगली आहे. पण ती ऐकणाऱ्यांपैकी कोणी पाण्याकडे पाहत नव्हते.

वहिनींनी मात्र तेथे बसल्या बसल्या विचारले, "एवढं पाणी जातं तरी कुठे?" मी म्हटले, "आमच्याकडे, वहिनी. काल रात्री तुम्ही जेवताना प्यायलात ते हेच." त्यांनी आधी हातातल्या बाटलीकडे आणि मग डोहात डुंबणाऱ्या गर्दीकडे पाहिले, आणि ओपाला पाणी शुद्ध कसे करतात याची तपशीलवार चौकशी केली. ती रास्त होती.

धबधब्याला टप्पे का पडतात, हा प्रश्न दादाचा. तो आंबोलीच्या पायथ्याशी वाढलेला असल्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर बेसाल्टचे डोंगर होते. तिकडे उत्तर सोपे आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यातले काही घट्ट आणि काही सच्छिद्र, ठिसूळ निघाले, ठिसूळ थर लवकर झिजतात, घट्ट थर कडे होऊन उभे राहतात, आणि डोंगराला उतरंडीसारखे रूप येते. परंतु दख्खनच्या बेसाल्टची दक्षिणेकडची मर्यादा या परिसराच्या उत्तरेलाच संपत येते. दूधसागरजवळच्या अनमोड घाटातले नाइस (उष्णता आणि दाब यांनी रूपांतरित झालेले) खडक सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. बेसाल्ट त्यांच्यापुढे कालचा म्हणावा लागेल. अशा खडकात लाव्ह्याचे थर नसतात. पाणी भेगा आणि सांधे शोधते, तेथे खडक सुटत जातो आणि जेथे तो अखंड असतो तेथे पायरी उरते. सह्याद्री हा हिमालयासारखा वळ्या पडून वर उचललेला पर्वत नसून पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे, ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे. त्या कडेवरून उतरणारी प्रत्येक नदी कडा झिजवत त्याला अगदी हळूहळू पूर्वेकडे ढकलते आहे. दादाला हे पटले, फक्त आंबोलीला कालचे म्हटलेले आवडले नाही.

पावसाळ्यातला दूधसागर याहून निराळा असतो, आणि तो पाहण्याचा रास्त मार्ग आगगाडीचा आहे. जून ते सप्टेंबर जीपचा रस्ता बंद असतो, कारण जी पात्रे ऑक्टोबरात ओलांडता येतात ती जुलैत ओलांडणे अशक्य असते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहून पुष्कळ अधिक, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस जेव्हा पुलावर येते तेव्हा सगळा डबा एका बाजूला लोटतो, तुषार खिडकीतून आत येतात, आणि अर्ध्या मिनिटात बोगद्याचा अंधार येऊन सगळे संपते. त्या अर्ध्या मिनिटात मी कधी काही नीट पाहिले असे म्हणवत नाही. अंगावर आले एवढेच खरे. रुळांवरून चालत धबधबा गाठण्याची जी टूम निघाली आहे तिच्याविषयी मला सहानुभूती नाही. २०२३ च्या जुलैत अशा पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली तेव्हा त्यावर बरेच विनोद झाले, परंतु वळणावळणाच्या घाटात, मुसळधार पावसात आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, ही साधी बाब त्या विनोदांत कोठे नव्हती.

या लोहमार्गाला दुसरा रूळमार्ग जोडण्याची योजना, महामार्गाचे चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी, या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये गोव्यात मोठे जनआंदोलन उभे राहिले. लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द ठरवली. त्या काळात चर्चा वाघ, झाडे आणि या मार्गावरची कोळशाची वाहतूक यांवर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पाण्यावर ती तुलनेने कमी झाली, याचे मला आजही आश्चर्य वाटते. पावसाळा संपल्यावर या कड्यावरून जे पाणी येत राहते ते आकाशातून येत नाही. वरच्या आणि भोवतीच्या जंगलाच्या मातीने धरून ठेवलेले ते पाणी असते, आणि एप्रिल-मेमध्ये धबधब्याच्या दोन-चार धारा उरतात तेव्हा तेवढ्यावरच खाली नदी जिवंत असते.

दुसरा प्रश्न कड्याच्या वरचा आहे. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात चाललेल्या तंट्यात कळसा आणि भांडुरा या नाल्यांची नावे सर्वांना माहीत झाली. काटला आणि पाळणा ही फारशी नाहीत. हे दोन्ही नाले दूधसागर नदीचे आहेत, आणि त्यांचे पाणी काळी नदीवरच्या सुपा धरणाकडे वळवण्याची योजना कर्नाटकाने मांडली होती. म्हादई जलतंटा लवादाने २०१८ च्या निवाड्यात म्हादईच्या पाण्यापैकी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) दिले, आणि त्यावरचा वाद न्यायालयात गेला. कोणाचे किती, हा निर्णय माझ्या आवाक्यातला नाही. परंतु डोहाच्या काठावर बसून जो माणूस केवळ समोरच्या चार टप्प्यांना दूधसागर समजतो, त्याला काटल्याच्या पाण्याचे काय होते याच्याशी देणेघेणे उरत नाही, आणि खाली पणजीत नळ सोडणाऱ्यालाही नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ निवडावा. पाणी भरपूर असते आणि गढूळ नसते. शनिवार-रविवार टाळावा, कुळ्याला सकाळी लवकर पोहोचावे, कारण जीपची संख्या ठरलेली असते आणि उशिरा येणाऱ्यांना रांगेतूनच परतावे लागते. चिप्स नेऊ नयेत. पायात पकड असलेले बूट असावेत. परतताना खांडेपारच्या पुलावर दादाने गाडी थांबवायला सांगितली, पण तेथे थांबण्याइतकी जागा नाही, मागून ट्रक येत होते, त्यामुळे आम्ही तसेच पुढे आलो. वरची बाजू, म्हणजे पाणी कड्यावरून सुटण्याआधी कसे येते ते, अजून पाहायचे राहिले आहे. त्यासाठी कॅसलरॉक, कुवेशीच्या बाजूने, कर्नाटक वनखात्याची परवानगी काढून जावे लागते. दिवाळीनंतर वहिनींना सुटी कधी मिळते, त्यावर ते ठरेल.